पाणी मुरेपर्यंत

मी समुद्राकडचा आहे, एवढ्या एकाच गोष्टीवरून काकांनी मला पसंत केलं.

शहागंजात चाचांच्या दुकानात मी तेव्हा कामाला होतो. गोल्डफिशच्या काचा पुसायच्या, मासे पिशवीत हवा भरून बांधून द्यायचे, लोकांच्या घरी जाऊन फिश टँक साफ करायचे. काका एका दुपारी गिऱ्हाईक म्हणून आले. काचेला जवळजवळ नाक लावून एकेक टँक बघत पुढं सरकले आणि शेवटी म्हणाले, "हे तर सगळे गोड्या पाण्यातले. खाऱ्या पाण्यातले नायत?"

"साहब, वो बहुत झंझट है," चाचा म्हणाले. "अपने शहर में कौन रखता?"

"मला ठेवायचेत."

चाचांनी गिऱ्हाइकाला कधी रिकाम्या हातानं पाठवलं नाही. त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "ये कोकण का है. समुंदर में ही पैदा हुआ समझो. इसकू सब मालूम."

मला काहीच मालूम नव्हतं. आमच्या गावात मासा विकतात, वाळवतात, खातात. काचेत ठेवून त्याच्यापुढं खुर्ची टाकून बसणारा माणूस मी तिकडं पाहिला नाही. पण चाचांना मी नाही म्हणू शकत नव्हतो. आठवीतून शाळा सोडून मामाच्या मागं इथल्या कारखान्यात आलो होतो. कारखान्यानं माणसं कमी केली, मामा गुजरातकडं निघून गेला, आणि मी नुसताच उरलो. चाचांनी दुकानाच्या माळ्यावर गादी टाकून दिली. त्यांच्या घरून डबा यायचा त्यात माझ्या दोन रोट्या जास्तीच्या असायच्या. अशा माणसानं 'इसकू सब मालूम' म्हटल्यावर मी काय बोलणार. मी मान हलवली. आधीच माझा स्वभाव घाबरट; हो म्हणायलाही भीती वाटते, पण नाही म्हणायला जास्त.

काकांचं घर पुंडलिकनगरात, दुसऱ्या मजल्यावर. मूळचे सोयगावकडचे; शेत भावाकडं, आणि हे नोकरी करून इथंच स्थायिक झालेले. आयुष्य बसगाड्यांच्या वर्कशॉपात इंजिनं उघडण्यात गेलं. मूलबाळ नाही. घरात ते आणि काकी. पहिल्या दिवशी टँक कुठं ठेवायचा ते बघायला गेलो तेव्हाच त्यांनी मला समोर बसवून सगळं सांगून टाकलं, गाडीत काय बिघाड आहे ते गिऱ्हाइकाला सांगावं तसं.

"मला शुगर हाय. उजवा डोळा गेलाय, त्याचा विषय सोड. डाव्यात आत रक्त उतरायलंय. डॉक्टर इंजेक्शन देतेत, पण खरं काय ते बी सांगितलंय त्यांनी. म्हणाले, बघायचंय ते बघून घ्या."

"असं नाय म्हणाले ते," काकी आतून ओरडल्या.

"असंच म्हणाले. तू बाहेर होतीस."

मग मला त्यांनी कारण सांगितलं. शाळेत असताना सहल मुंबईला गेली होती. तिथं मत्स्यालयात एका काचेपुढं ते उभे राहिले. नारंगी मासा, अंगावर पांढरे पट्टे, तो एका झुलणाऱ्या फुलासारख्या प्राण्यात आत-बाहेर करत होता. सगळी पोरं पुढं गेली. गुरुजींनी येऊन कान धरला आणि ओढत नेलं. "तेवढंच अर्धं बघितलंय मी," काका म्हणाले. "परत मुंबईला दहादा गेलो. पार्ट आणायला, लग्नाला, साहेबाच्या कामाला. पण तिथं जायचं राहूनच गेलं. आता डोळा असेपर्यंत घरात बसून बघतो. कान धरायला कोण येतं ते बघू."

मी विचारलं, "किती दिवस... म्हणजे डॉक्टर काय म्हणाले?"

"बघायला किती मिळतंय ते तुझ्यावर हाय," ते हसून म्हणाले. "तू लवकर कर."

इथंच घोडं अडलं. खाऱ्या पाण्याच्या टँकला लवकर हा शब्दच नसतो.

मी मुंबईच्या एका माल पुरवणाऱ्याला फोन लावून लावून शिकलो. चाचांच्या मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघितले, एकच व्हिडिओ पाच-पाच वेळा. कळलं ते असं. मासा पाण्यातच हगतो, उरलेलं खाणं पाण्यातच कुजतं, त्याचं विष होतं. त्याला अमोनिया म्हणतात. समुद्रात ते विष खाऊन टाकणारे जंतू असतात, नव्या टँकमध्ये नसतात. म्हणून मासे टाकायच्या आधी पाण्यात मुद्दाम काहीतरी कुजवायचं आणि जंतूंना यायला, वाढायला वेळ द्यायचा. एक जातीचे जंतू अमोनिया खातात, पण त्यातून दुसरं विष सोडतात. मग दुसऱ्या जातीचे येतात, ते हे दुसरं विष खातात. हे सगळे दगडांवर आणि फिल्टरच्या स्पंजात राहतात, डोळ्याला दिसत नाहीत. दोन्ही विषं शून्यावर आली की पाणी तयार. महिना लागतो, दोन लागतात, कुणी सांगू शकत नाही. त्याच्या आधी मासा टाकला तर तो आपल्याच घाणीत जळून मरतो.

काकांना हे मी अडखळत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे लोणच्यासारखं. मुरू द्यायचं."

"व्हय काका."

"आणि मुरंपर्यंत नुसतं पाणी बघायचं."

"व्हय."

"बघू की," ते म्हणाले. पण आवाज लहान झाला होता.

पाणी मी जारचं आणलं, मशीनमधून शुद्ध केलेलं. मुंबईहून बादलीभर मीठ आलं, पोतंभर वाळू आली, भोकाभोकाचे कोरडे पांढरे दगड आले. मीठ ढवळताना हातावर पाणी उडलं आणि मी सवयीनं चाटलं. चव बरोबर होती. पण वास नव्हता. समुद्राचा वास मिठाचा नसतोच, हे मला इतकी वर्षं तिथं राहून कळलं नव्हतं. आईला फोनवर सांगितलं की मी इथं समुद्र करतोय, तर ती म्हणाली, "थंय दर्या नाय, मगे मासे खंयसून येतले?" मी म्हटलं, मुंबईहून बसनं येतील.

आता काहीतरी कुजवायचं होतं. मुंबईवाला म्हणाला एक कोळंबी टाक आणि विसरून जा. मी बाजारातून बर्फातली कोळंबी आणली, जुन्या मोज्यात बांधली आणि काकांच्या संमतीनं दगडामागं लपवली. काकींना सांगितलं नाही. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. दोन-तीन दिवसांनी मी गेलो तर काकी सोफा ओढत होत्या.

"बरं झालं आलास. हॉलमधे उंदीर मेलाय बघ कुठंतरी. धर तिकडून."

मी धरलं. सोफा ओढला, शोकेस सरकवलं, टीव्हीमागं बॅटरी मारली. काका खुर्चीत बसून गंभीर चेहऱ्यानं सूचना देत होते. "पंख्यावर बघ. उंदीर वर बी चढतेत." मी मरणाचा घामाघूम. शेवटी त्यांनाच हसू आवरेना.

"अगं, कोळंबी हाय ती. पेटीत."

"कोळंबी?" काकी कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माझ्या देवघराच्या भिंतीला लागून?"

"आपण खात नाय तिला. सडवायलोत नुसतं."

"खाल्ली असती तर एकवेळ बरं!"

मोजा निघाला. पुढं मी कोरड्या खाण्याची चिमूट टाकू लागलो, तेही कुजतं, फक्त वास कमी. काकींनी जागा गोमूत्र शिंपडून घेतली आणि मला म्हणाल्या, "साबणानं हात धू, दोनदा, आणि जेवायला बस." रागातच त्यांनी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. त्या घरी मी जितक्या वेळा गेलो तितक्या वेळा जेवलो. हे मी कुठंतरी लिहून ठेवायला पाहिजे होतं, म्हणून इथं लिहितोय.

पाणी कुठवर आलं ते बघायची एक पद्धत असते. छोट्या काचेच्या नळीत टँकचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, हलवून जरा थांबायचं. पाणी रंग धरतं. पिवळं राहिलं तर अमोनिया नाही. हिरवं झालं तर आहे. जितकं गडद तितकं जास्त. सोबत रंगांच्या चौकोनांचा एक पुठ्ठा येतो, त्याला नळी लावून बघायची. पहिल्या खेपेला मी बघितली. दुसऱ्या खेपेला काकांनी हात पुढं केला.

"आण इकडं. इंजिनचं ऑइल मी रंगावरून ओळखायचो."

ते गॅलरीच्या दारात उजेडाला उभे राहायचे, नळीमागं पांढरा रुमाल धरायचे, डावा डोळा बारीक करून पुठ्ठ्यावरून नळी हळूहळू सरकवायचे. मग निकाल द्यायचे. "ह्यो. वरून चौथा." बरोबर असायचं. मी नुसता हो म्हणायचो. सुरुवातीला गडद हिरवं, मग त्याहून गडद, मग एका आठवड्यात जरा उतरलेलं. "उतरायलं की!" काका म्हणाले आणि काकींना हाक मारून दाखवलं. काकी म्हणाल्या, "मला सगळं सारखंच दिसतंय. चहा ठेवू का?"

अमोनिया उतरायला लागला तसा टँक मात्र कुरूप झाला. वाळूवर, दगडांवर, काचेवर चहाच्या डागासारखा तपकिरी थर चढला. व्हिडिओत सांगितलेलं होतं की हा येतोच, घाबरू नका, आपोआप जातो. मी काकांना तसं सांगितलं. पण मी गेल्यावर (हे काकींनी नंतर सांगितलं) ते त्या तपकिरी काचेपुढं बसायचे आणि काकींना विचारायचे, "ते दगड पांढरे होते ना गं? मला मळके दिसायलेत." काकी म्हणायच्या, "मळलेतच ते." काकांना खरं वाटायचं नाही. त्यांना वाटायचं, डोळ्यावर चढलंय ते, आणि ही आपली समजूत घालतेय.

आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. किती दिवसांनी येईल हेही नक्की नसतं. पण आलं की गल्लीत हाळी उठते आणि घराघरातल्या बायका बाकीचं सगळं टाकून धुवायला बसतात. पिंपं भरतात, चादरी, पायपोस, पायऱ्या, गाड्या, देवाची भांडी. चालू नळाखाली जे धुवून निघेल ते धुवून घ्यायचं, कारण उद्या पाणी नाही. त्या दिवशी काका शेजाऱ्याबरोबर डोळ्याच्या इंजेक्शनला गेले होते. नळ आला. काकींनी पिंपं भरली, चादरी धुतल्या, आणि मग टँकमधले दगड एकेक करून घमेल्यात काढले. ब्रश घेतला. चालू नळाखाली खसाखसा घासून दगड पांढरेशुभ्र केले. फिल्टरचा स्पंज काढून पिळला, तोही पांढरा होईपर्यंत. काच पुसली. दगड परत रचून ठेवले, माझ्यापेक्षा चांगले.

मी संध्याकाळी पोचलो तर घरात सणासारखं होतं. काका टँकपुढं खुर्ची ओढून बसले होते, डोळ्यात औषध टाकल्यानं पाणी येत होतं, पण चेहरा फुललेला.

"ये, ये! इंजेक्शन लागू पडलं रे! दगड बघ, लख्ख दिसायलेत. भोकं मोजून दाखवू तुला?"

काकी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून माझ्याकडं बघून हसत होत्या. शाबासकी मिळेल अशा.

मी टँककडं बघितलं आणि मला सगळं कळलं. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं. म्हणूनच ते माणसाला पाजतात. इतके आठवडे जे काही त्या दगडांवर राहायला आलं होतं ते मोरीतून गटारात गेलं होतं.

मी म्हटलं, "छान दिसतंय." दुसरं काय म्हणणार होतो. जेवलो. काका मध्येच उठून लांबून बघायचे, परत जवळ येऊन बघायचे. निघालो तेव्हा काकी जिन्यापर्यंत आल्या.

"तोंड का पाडलंस? काय चुकलं का?"

मी सांगितलं. जिन्यात, खालच्या आवाजात, जमेल तसं. काकींनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"मला कुणी सांगितलं?" त्या म्हणाल्या. "दोघं बसून नळ्या हलवता, पुठ्ठे बघता. मला विचारता ते चहाचं. लोणच्याच्या बरणीत ओला हात कुणी घातला तर मी हात मोडंल त्याचा. मला एकदा म्हणायचं होतंस की, काकी, दगडात जीव हाय."

खरं होतं. मी एकट्या काकांनाच सांगितलं होतं.

"त्यांना सांगू नको आता," त्या म्हणाल्या. "लई दिवसांनी हसलेत."

"काकी, मी नाय सांगितलं तरी नळी सांगंल."

आणि नळीनंच सांगितलं. पुढच्या खेपेला काका गॅलरीच्या दारात उभे राहिले, रुमाल धरला, नळी पुठ्ठ्यावरून सरकवत सरकवत खाली, जास्त गडद रंगांपर्यंत नेली.

"परत चढलं? मागल्या बारीला तर उतरलं होतं."

त्यांनी टँककडं बघितलं, मग काकींकडं.

"तू धुतलेस का दगड?"

"व्हय," काकी म्हणाल्या.

"नळ आला त्या दिवशी."

"व्हय."

"म्हणजे मग इंजेक्शन..." काका म्हणाले. रुमालाची घडी घातली, खिशात ठेवला. काकींना एक शब्द बोलले नाहीत. उलट जरा वेळानं म्हणाले, "दगड मात्र झकास घासलेस. माझ्या वर्कशॉपात असं कुणी घासलं नसतं." काकी आत गेल्या आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला.

परत पहिल्यापासून. मी मुंबईहून जंतूंची बाटली मागवली, म्हणतात त्यानं लवकर होतं. थोडं होतं, फार नाही. माझा जीव थाऱ्यावर नसायचा. दुकानात दुसऱ्याच्या टँकमध्ये हात घातला तरी डोक्यात काकांचा डोळा. चाचांनी एकदा विचारलं आणि मी सगळं ओकून टाकलं. ते म्हणाले, "तू भी क्या मियाँ! दो मछली डाल दे. आठ दिन जीते तो आठ दिन. बुढ्ढा देख तो लेता. मछली का क्या, बाजार में रोज मरती." त्यांनी हे दयेनंच सांगितलं होतं. मलाही ते पटलं. रस्ताभर पटलेलं होतं. काकांना जाऊन सांगितलं, तर त्यांनी मान हलवली.

"नाय. ब्रेक लागत नसलेली गाडी मी कधी रस्त्यावर सोडली नाय."

"पण काका, तुमचा डोळा..."

"मरतेला मासा बघायचा असता तर बाजारात गेलो असतो. मला खेळतेला बघायचाय. थांबू."

ते थांबले. डोळा थांबला नाही. हे मला डॉक्टरांच्या आधी कळलं, कारण माझ्या हातात पुठ्ठा होता. आधी ते शेजारच्या चौकोनावर चुकू लागले. तिसरा असेल तर चौथा म्हणायचे. मी हो म्हणायचो, एका घरानं काय फरक पडतो. मग दोन घरं. मग मी त्यांच्या मागं उभा राहून आधीच मनात रंग ठरवू लागलो आणि त्यांच्या तोंडून दुसरा ऐकू लागलो. एकदा त्यांनी पुठ्ठा उलटा धरला होता. मी हळूच सुलटा केला. "वारं हाय," मी म्हटलं.

मग तो दिवस आला. ऊन चांगलं होतं, गॅलरीत कपडे वाळत होते. काकांनी नळी धरली आणि बराच वेळ बघत राहिले. मग वळले तेव्हा त्यांच्या तोंडावर असा आनंद होता की मी आधी त्यालाच बघितलं, नळीला नंतर.

"पिवळं!" ते म्हणाले. "अगं ए, पिवळं झालं! लाव बाबा, लाव मुंबईला फोन. मासे पाठव म्हणावं."

नळी हिरवी होती. फिकट नाही, भर पावसाळ्यातल्या गवतासारखी.

काकी पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी नळीकडं बघितलं. त्यांनाही दिसलं. सगळं सारखंच दिसतं म्हणणाऱ्या काकींना तो रंग चांगला दिसला. त्यांनी काकांच्या मागून माझ्याकडं बघत मान हलवली. नको. सांगू नको.

मी फोन हातात घेऊन उभा. हो म्हटलं तर मासे येतील आणि काकांच्या पुढ्यात मरतील, आणि मेलेले त्यांना दिसतील की नाही हेही मला माहीत नव्हतं. नाही म्हटलं तर मी त्यांना पाण्याबद्दल काहीच सांगत नव्हतो, दुसरंच काहीतरी सांगत होतो. आठवी शिकलेल्या माणसानं असली गोष्ट कोणत्या शब्दांत सांगायची. मला वाटतं शिकलेल्यालाही जमत नसेल, पण तेव्हा मला वाटलं की आपलं शिक्षण कमी पडतंय.

"काका," मी म्हटलं, "जरा हिरवट वाटतंय."

"हिरवट?" त्यांनी नळी परत वर धरली. "किती?"

मी पुठ्ठा हातात घेतला.

"किती हिरवं हाय ते सांग की."

"लई."

नळी तशीच उजेडात धरलेली. थोड्या वेळानं त्यांनी ती माझ्या हातात दिली, जपून, सांडणार नाही अशी. "मग धुवून ठेव," म्हणाले. त्यानंतर त्यांनी नळी कधी मागितली नाही. मी एकट्यानंच बघायचो आणि पुठ्ठा खिशात घालायचो.

पाणी शेवटी तयार झालं. एक विष गेलं, दुसरं चढलं, तेही उतरलं. ज्या दिवशी दोन्ही विषांच्या नळ्यांनी शून्य दाखवलं त्या दिवशी मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी काकांना सांगितलं. तोवर त्यांना खिडकी कुठं आहे ते कळायचं, समोर कुणी उभं असलं तर सावली कळायची, बस. ते म्हणाले, "आता कशाला मासे? राहू दे." पण काकींनी ऐकलं नाही. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आण तू. माझ्यामुळं राहिलंय ते." मी म्हटलं तुमच्यामुळं नाही. त्यांना ते ऐकायचं नव्हतं.

नारंगी माशांची जोडी मुंबईहून बसनं आली, थर्माकोलच्या खोक्यात. त्यातल्या कुणालाही काही झालं नव्हतं. मी पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, थोडंथोडं पाणी आत घेत राहिलो, मग सोडले. पहिल्यांदा कोपऱ्यात गेले. मग हळूहळू पुढं आले, काचेपर्यंत, काकांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर.

"आले का?" काका म्हणाले.

"आलेत. तुमच्या समोरच हायत."

त्यांनी मान खाली-वर केली, तिरकी केली, जिथून थोडं दिसायचं तो कोपरा शोधला. नाही सापडला.

"सांग मग. कसे हायत?"

"नारंगी. पांढरे पट्टे. कडेला काळी रेघ."

"ते मला माहीत हाय. ते मी बघितलेलं हाय. हलतेत कसे ते सांग."

मी काचेत बघितलं. ते दोघं शेपटी मारत नव्हते, बाजूचे पंख भरभर हलवत होते आणि सगळं अंग डुलत होतं, जणू पुढं जायचंय पण घाई नाही. हे मी आत्ता लिहितोय. तेव्हा मला हे सुचलं नाही. दुकानात मी काचा पुसल्या, मासे बांधून दिले, पण नीट बघितलेला हलणारा मासा एकच, होडीच्या फळीवर तडफडणारा, आणि माझ्याकडं माशाच्या हलण्याला तेवढेच शब्द होते. ते शब्द मी त्या घरात वापरू शकत नव्हतो.

"असे... इकडून तिकडं जातेत," मी म्हटलं.

"इकडून तिकडं," काका म्हणाले.

"म्हणजे, हळू. लई हळू नाय. मधेच थांबतेत."

त्यांनी वाट बघितली. मी काकींकडं बघितलं, त्या तोंडावर पदर धरून टँककडं बघत होत्या. मी अजून दोन-तीन वेळा तोंड उघडलं. मासे परत काचेजवळ आले, फिरले, गेले. काका वाट बघत होते आणि मला एक शब्द सापडत नव्हता.

"असू दे," शेवटी ते म्हणाले. रागानं नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्याच हातावर भार देऊन उठले, आणि भिंतीला बोटं लावत आतल्या खोलीत गेले. पलंग वाजला. काकींनी विचारलं, ह्या माशांना खायला काय घालायचं आणि किती. मी त्यांना चिमूट दाखवली.